एक रुपया रोज: मुलींच्या उपस्थिती भत्त्याची पार्श्वभूमी

भिडे वाड्यातली शाळा, तिथे जाताना झेललेले शेण हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे, ते पुन्हा सांगत नाही. बाई शिकली तर तिच्या पायावर उभी राहील, हा हिशेब ठळक झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका संस्थेने विधवांना परिचारिका, शिक्षिका म्हणून तयार केले. पण तो प्रश्न बहुतांशी शहरातल्या, वरच्या जातींतल्या घरांचा होता. शेतमजुराच्या मुलीपर्यंत हा हिशेब पोचायला बराच काळ गेला.

1980च्या दशकात राज्याने मुलींची फी माफ केली. गरिबाच्या घरी मात्र अडचण फीची नव्हतीच. आई खुरपणीला गेली की धाकटे भावंड, पाणी, सरपण, शेळ्या हे सगळे आठ-नऊ वर्षांच्या पोरीवर. ती शाळेत गेली तर आईचा रोज बुडायचा.

म्हणून 1992 मध्ये उपस्थिती भत्ता आला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. अट 75 टक्के हजेरीची.

‘भत्ता’ या शब्दाने इथे सगळा घोळ केला आहे. सरकारी भाषेत भत्ता म्हणजे खर्चाची किंवा नुकसानीची भरपाई. मग बुडालेल्या रोजाची भरपाई एक रुपया? 1992 सालीही एवढ्यावर कोणी खुरपायला गेले नसते. शिवाय हजेरीची अट घातली की तो भत्ता राहत नाही, बक्षीस होतो. आणि बक्षीस म्हटले की ज्या पोरीला त्याची सर्वांत जास्त गरज, तीच बाद. बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जाते, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर परतते. तिची हजेरी 75 टक्के भरणार कशी? कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. हा भत्ता मात्र पुढची तीन दशके एक रुपयाच राहिला.

राज्यातली स्त्री-साक्षरता याच काळात वाढली: 1991 मध्ये 52 टक्के, 2011 मध्ये जवळपास 76. त्याचे श्रेय त्या रुपयाला देणे धाडसाचेच. गावात किंवा शेजारच्या वाडीत शाळा आली, एसटीचा मोफत पास मिळाला, मागास तालुक्यांत आठवीपुढच्या मुलींना सायकली आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मिळाल्या. माझ्या मते खरे काम यांनी केले. मुली गळतात त्या चौथीच्या आधी नव्हे, सातवी-आठवीनंतर, गावातली शाळा संपते तेव्हा. फडावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’वर, म्हणजे जोडप्यावर मिळते, त्यामुळे तिथे लग्नाचीही घाई. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहे उभी राहिली ती फडावर जाण्याने होणाऱ्या गळतीवर उपाय म्हणून. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ते निम्मे माफ होते. तिथेही माफ झाली ती पुन्हा फीच. खोलीभाडे आणि मेसचा खर्च घरच्यांकडेच राहिला.