निहालीची नोंद : शब्दयादीपासून ध्वनिमुद्रणापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली ही भाषा बोलणारे जेमतेम अडीच हजार लोक उरले आहेत. पाण्याला ते ‘जोप्पो’ म्हणतात. हा शब्द मराठीतला नाही, शेजारच्या कोरकू भाषेतलाही नाही.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा या भाषाकुलात, कोरकूजवळ बसवले. हाती होता तो थोडकाच मजकूर. १९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी ती वेगळी असल्याचे मांडले, पण नवी सामग्री आली ती १९५७ मध्ये, सुधिभूषण भट्टाचार्य यांच्या क्षेत्रटिपणांतून. त्यावर उभ्या राहिलेल्या १९६२ च्या अभ्यासात डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांना सुमारे पाव शब्दसंग्रहाचे नाते कुठेच लावता आले नाही. ही एखादी सांकेतिक चोरभाषा तर नसेल, अशी शंकाही त्यांनी काढली. घरात पोरांशी बोलल्या जाणाऱ्या भाषेवर ही शंका जरा अन्यायाचीच.

गोंधळाचे मूळ उसनवारीत आहे. निहाली बोलणारे निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबले, त्यामुळे बहुतेकांना कोरकू येते. आकडेच पाहा : ‘बिडुम’ म्हणजे एक, पुढचे ‘इरार, मोथो, नालो’ द्रविड वळणाचे, पाचापासून मराठीसारखे. मराठीतून शब्द विचारत गेले, की उत्तरही बरेचदा मराठी किंवा कोरकू येते आणि यादीत भाषा आहे त्याहून मिसळलेली दिसते. म्हणून आशा मुंडले, के. एस. नागराज आणि तेव्हा डेक्कन कॉलेजात असलेले शैलेंद्र मोहन या भाषाशास्त्रज्ञांनी निहालीवर केलेल्या कामाचे मोल मोठे.

आता शंभर-दोनशे शब्दांच्या यादीपेक्षा सलग बोलणे टिपायला हवे : जाळे विणतानाचे, स्वयंपाकातले, भांडणातलेही. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा बारकाईने. फोनवरच्या दाबून लहान केलेल्या फायलीत शब्दाच्या शेवटचे बारीक ध्वनी पुसट होतात. प्रत्येक फायलीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचे वय, त्याला येणाऱ्या भाषा आणि संमती जोडायची. हे त्याच संध्याकाळी केले नाही तर महिन्याभराने कोणता आवाज कोणाचा तेच कळत नाही. एका मिनिटाचे लिप्यंतर आणि अर्थ लावायला तासभर सहज जातो.

जनगणनेची अडचण वेगळीच. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे छापल्या जात नाहीत; निहाली ‘इतर’मध्ये जाते.