शेळी खाते, पण अंग धरत नाही: जंत की जोन्स रोग?

शेळी नीट चरते, रवंथ करते, लेंड्याही घट्ट आणि सुट्या पडतात, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके टोचतात. अशी शेळी दिसली की बहुतेक जण जंताचं औषध पाजतात. बऱ्याचदा तेच दुखणं असतं. पण औषधामागून औषध देऊनही शेळी उतरतच राहिली, तर जोन्स रोगाची, म्हणजे आतड्याच्या एका जिवाणूजन्य रोगाची, शंका घ्यायला हवी. वजन घटणं, राठ केस, जबड्याखाली उतरलेलं पाणी ही लक्षणं दोन्हींत दिसू शकतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

आधी शेळी खरंच वाळली आहे का, ते हाताने पाहावं. शेळीचं पोट चाऱ्याने आणि वायूने फुगलेलं असतं, त्यामुळे गोल दिसणारी शेळीसुद्धा आतून हाडं झालेली असू शकते. शेवटच्या बरगडीमागे कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबून पाहावं, छातीच्या हाडावर मांस आहे का चाचपावं. दर महिन्याला हे केलं तर उतरण लवकर कळते.

शेळीला सर्वांत जास्त छळणारा जंत म्हणजे हेमोंकस. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. लेंड्यांतून पडलेल्या अंड्यांतून ओल्या, उबदार हवेत अळ्या निघतात, गवताच्या पात्यांवर चढतात आणि चरताना पोटात जातात. मग साधारण तीन आठवड्यांत पुढची पिढी अंडी घालू लागते. म्हणून पावसाळी दिवसांत शेळी झपाट्याने ढासळते. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा: हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, असं मुळीच नाही. हेमोंकसची मुख्य खूण रक्त कमी होणं ही आहे. हगवण दुसऱ्या काही जंतांमुळे लागते, करडांमध्ये कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळेही.

जोन्स रोग जिवाणूचा आहे, क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला. तो बहुधा करडाच्या वयातच शिरतो: शेण लागलेल्या सडांतून, चिकातून, दुधातून, कधी गर्भातच. मग कित्येक महिने, अनेकदा वर्षं, काहीच दिसत नाही. लक्षणं सहसा वर्षानंतर, बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसू लागतात, आणि व्यायल्यानंतरच्या ताणात ती उफाळतात. आतड्याचं अस्तर जाड होत जातं, खाल्लेलं अंगी लागत नाही, शरीरातली प्रथिनं आतड्यातून झिरपून जातात. भूक मात्र बराच काळ टिकते. गाईत या रोगाची पातळ हगवण प्रसिद्ध आहे. शेळीत लेंड्या बहुधा अगदी शेवटपर्यंत घट्ट राहतात. त्यामुळेच शेळीतला जोन्स जंतांच्या नावाखाली खपून जातो.

गोठ्यातच करता येणारी पहिली परीक्षा पापणीची. खालची पापणी उलटून आतला रंग पाहावा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘फामाचा’ नावाच्या रंगतक्त्यात त्याच्या 1 ते 5 पायऱ्या आहेत: 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढरीफटक. 4 आणि 5 ला औषध द्यायलाच हवं. शेळी वाळलेली पण पापणी लाल, असं असेल तर हेमोंकस सोडून इतर कारणं शोधावीत. त्यात झिजलेल्या दाढाही आल्या. पापणी फिकट असली म्हणून जोन्स नाहीच, असं मात्र समजू नये. एकाच शेळीत दोन्ही असू शकतात.

खरा उलगडा लेंड्यांच्या तपासणीने होतो. औषधाआधी जंतांची अंडी मोजून घ्यावीत आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा मोजावीत. अंडी फारशी घटली नाहीत, तर औषध कमी पडलं किंवा जंतांना त्याची सवय झाली. शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून मेंढीचा डोस तिला अपुरा पडू शकतो. प्रत्यक्ष वजन करून पशुवैद्याकडूनच मात्रा ठरवून घ्यावी. अंडी घटली, चारा चांगला आहे, तरी शेळी भरत नाही, तर जोन्सची तपासणी करावी. हा फरक न बघता पुन्हा पुन्हा औषध पाजलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात, आणि जोन्स असलेली शेळी तोवर लेंड्यांतून जिवाणू पसरवत राहते. मला हे दुहेरी नुकसान सर्वांत जास्त खटकतं, कारण एका साध्या तपासणीने ते टळतं.

जोन्ससाठी रक्ताची एलायझा (रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी) आणि लेंड्यांची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) चाचणी होते. रोगाच्या सुरुवातीला निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. उलट, गाठींचा रोग (लसीका गाठींत पू भरणारा) असलेल्या शेळीत रक्ताचा निकाल चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून लेंड्यांच्या चाचणीने खात्री करून घ्यावी. शेळी दगावलीच, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची आणि जवळच्या लसीका गाठींची तपासणी मागून घ्यावी. मागे राहिलेल्यांसाठी ती मोलाची ठरते.

जोन्सला बरं करणारं औषध नाही. लळा लागलेल्या शेळीबद्दल हे ऐकणं कठीण जातं, पण निर्णय तिच्यापुरता नसतो. जिवाणू माती-पाण्यात वर्षभरही टिकतो. तिला वेगळं ठेवावं, चारा-पाणी जमिनीपासून उंच द्यावं, करडं जन्मताच तिच्यापासून दूर करून निरोगी शेळीच्या चिकावर किंवा पाश्चराइझ केलेल्या दुधावर वाढवावीत. तिची आधीची करडं कळपात असतील, तर ती कितीही तुकतुकीत दिसोत, मोठी झाल्यावर त्यांचीही तपासणी करून घ्यावी.