पाया खणण्याआधी: कौन्सिलची पुरातत्त्व यादी कशी वाचावी

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या जुन्या भागात एक्स्टेन्शनला परवानगी मिळते, पत्रात पुरातत्त्वाची अट दिसते (खोदकामासाठी पुरातत्त्वाचा ठेकेदार नेमायची) आणि आम्हाला फोन येतो: ‘कौन्सिल ठेकेदारांची नुसती यादी देतं, एक नाव सांगत नाही. तुम्ही तरी सांगा!’ आम्ही आराखडे काढतो, प्लॅनिंगचे अर्ज करतो. उत्खनन करत नाही आणि कुठल्याही ठेकेदाराकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे नाव आम्हीही सांगणार नाही, पण निवड कशी करायची ते सांगू शकतो.

अट का येते?

इथल्या रस्त्यांखाली रोमन शहर आहे, त्यावर मध्ययुगीन. तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा २०१२ मध्ये कौन्सिलच्याच कार पार्कखाली निघाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नियम मात्र त्याहून जुना. १९८९ मध्ये लंडनला एका इमारतीच्या जागी शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ थिएटरचे अवशेष सापडले, मोठा वाद झाला आणि १९९० मध्ये सरकारने धोरण ठरवलं: पुरातत्त्वाचा विचार परवानगीच्या वेळीच करायचा आणि खर्च बांधणाऱ्याने सोसायचा. म्हणून ठेकेदार तुमचा, बिलही तुमचं.

कौन्सिल नाव का सांगत नाही?

तुमच्या ठेकेदाराची योजना तपासणारे, काम बघायला येणारे आणि शेवटी अहवाल मान्य करणारे कौन्सिलचेच पुरातत्त्व सल्लागार असतात. परीक्षकानेच शिकवणी सुचवावी, तसं ते होईल. म्हणून काही कौन्सिलं त्या भागात काम करणाऱ्यांची नुसती यादी देतात आणि ‘ही शिफारस नाही’ असं खाली लिहितात. यादीत पहिलं नाव असणं म्हणजे पहिला नंबर नव्हे. बहुतेकदा ती फक्त अकारविल्हे असते.

काही कौन्सिलं थेट पुरातत्त्वज्ञांच्या व्यावसायिक संघटनेच्या, म्हणजे ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स’च्या नोंदणीकृत संस्थांकडे बोट दाखवतात. ही नोंदणी वजनदार आहे. संस्थेच्या कामाची ठरावीक काळाने तपासणी होते आणि तक्रार करायला जागा असते. भारतात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय उत्खनन होत नाही, त्यामुळे इथेही सरकारी परवाना असेल असं आपल्या लोकांना वाटतं. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकाची जागा सोडली तर तसा परवाना लागत नाही. म्हणून नोंदणी बघाच.

कोटेशन मागताना

दोन-तीन ठिकाणी विचारा, पण सगळ्यांना अटीचा तोच मजकूर आणि तेच नकाशे पाठवा. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बरेचदा फक्त खणण्याचे दिवस धरलेले असतात. खरा खर्च पुढे येतो: सापडलेली खापरं-हाडं धुणं, तज्ज्ञांकडून तपासणं, अहवाल लिहिणं, संग्रहालयात वस्तू जमा करण्याची फी. हे धरलंय का, आणि काही महत्त्वाचं निघालंच तर वाढीव दिवसाचा दर काय, हे लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

छोट्या एक्स्टेन्शनला बहुधा देखरेखच पुरते. तुमचा बिल्डर पाया खणतो आणि पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा राहून बघतो. अशा वेळी डिगरला दात नसलेली बकेट लावायला सांगतात. बिल्डरला हे आधीच कळवा, नाहीतर पहिल्याच सकाळी खोळंबा.

क्रम चुकवू नका

आधी ठेकेदाराची लेखी योजना, मग तिला कौन्सिलची मंजुरी, मग कुदळ. मंजुरीच्या अर्जाला आठ आठवडे लागू शकतात, म्हणून बिल्डरला तारीख त्यानंतरची द्या. आधी खणलं तर परवानगीचा भंग होतो, आणि घर विकताना खरेदीदाराचे सॉलिसिटर नेमकं तेच उकरून काढतात. अहवाल जमा झाल्याशिवाय अट पूर्ण होत नाही, हेही लोक विसरतात.

सापडलेल्या वस्तू सहसा जमीनमालकाच्याच असतात. सोन्याचांदीचं काही निघालं तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे ते ‘ट्रेझर’ (खजिना) ठरू शकतं आणि १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. माणसाची हाडं दिसली तर काम लगेच थांबवा. पुढचं ठेकेदार बघेल.

आमच्याकडे येताना निर्णयपत्राची सगळी पानं आणा, नुसतं पहिलं नको. पुरातत्त्वाच्या अटी कधीकधी दोन-तीन असतात, आणि काम सुरू करण्याआधी कोणती पुरी करायची हे त्या मजकुरातच लिहिलेलं असतं.