कॅम्पर व्हॅनमधील वीजव्यवस्था: गाडी सुताराकडे देण्यापूर्वी वाचावे

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कार्यशाळेत येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न एकच विचारतात: छतावर किती वॅटचे सोलर पॅनेल बसवावे? गाडीत पलंग, ओटा, पडदे झालेले असतात आणि कणकुंबीच्या बाजूला किंवा दांडेलीकडे दोन-तीन रात्री बाहेरच्या विजेवाचून काढता याव्यात, एवढीच अपेक्षा असते. मात्र या प्रश्नाचे उत्तर पॅनेलवर नव्हे, तर आपल्या एका दिवसाच्या वापरावर ठरते.

५ वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० वॅट-तास (वॅट गुणिले तास), २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २००, बारा व्होल्टच्या लहान फ्रिजला दिवसाकाठी सुमारे ४०० आणि मोबाइल-लॅपटॉपला १५०, असे एकूण ८५० वॅट-तास होतात. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत (१२.८ व्होल्ट गुणिले १००) १२८० वॅट-तास मावतात व त्यांतील ८० टक्के वापरले तरी हा दिवस निभावतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (शिसे-आम्लाची) बॅटरी लावण्याचा आग्रह अनेकजण करतात. तिचे वजन पन्नास किलोंहून अधिक असते, ती निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. म्हणून झोपण्याच्या जागेत ती आम्ही बसवत नाही. २००० वॅटची इंडक्शन शेगडी तर अर्ध्या तासात १००० वॅट-तास, म्हणजे वरचा सगळा साठा, संपवते.

२०० वॅटचे पॅनेल हिवाळ्यातील निरभ्र दिवशी ७०० वॅट-तासांच्या आसपास वीज देते. परंतु पावसाळ्यात आंबोली-चोर्ला पट्ट्यात दिवसेंदिवस ऊन पडत नाही, तेव्हा चालत्या इंजिनवरून चार्जिंग हाच आधार उरतो. त्यासाठी ही दुसरी बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीला थेट जोडणे चुकीचे आहे, कारण लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रातून, त्याला झेपणार नाही इतका प्रवाह ओढू शकते आणि अनेक बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाच्या) गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त होत असतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (प्रवाह व व्होल्टेज आवाक्यात ठेवून दुसरी बॅटरी भरणारे उपकरण) बसवला, तर चोर्लामार्गे पणजीपर्यंतच्या सुमारे तीन तासांत हजारभर वॅट-तास भरून निघतात.

आता ज्या चुकीमुळे आपले आणि आमचे सर्वाधिक दिवस वाया जातात, तिच्याविषयी. सुतारकाम आधी आणि वायरिंग नंतर, हा क्रम कृपया ठेवू नये. निपाणीकडील एका कुटुंबाची गाडी आमच्याकडे आली तेव्हा आतून संपूर्ण प्लायवूड ठोकलेले होते आणि त्यामागे फ्रिजसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार सहा मीटर नेलेली होती. जाऊन-येऊन बारा मीटर तांब्यात ५ अँपिअरवर पाऊण व्होल्टच्या आसपास दाब घटतो. त्यामुळे बॅटरीत वीज शिल्लक असूनही फ्रिज पहाटे बंद पडे आणि लहान मुलाचे दूध नासे. त्यांनी दोनदा बॅटरी बदलली होती. सहा चौरस मिलिमीटरची तार घालण्यासाठी आम्हाला नवीकोरी भिंत उखडावी लागली आणि दोन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले. त्या दुरुस्तीचे पैसे घेताना आम्हालाही बरे वाटले नाही.

याच कारणाने आम्ही फोनवर भाव सांगत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. वापराची यादी, बॅटरीची जागा आणि तारांची लांबी ठरल्याशिवाय सांगितलेला आकडा पुढे वाढतोच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवल्यावाचून आणि प्रत्येक जोडाचे छायाचित्र आपल्या हाती दिल्यावाचून आम्ही प्लायवूड लावू देत नाही. सुतार आपला असला तरी चालेल. त्याला तारांचे मार्ग गाडीच्या पत्र्यावर खडूने आखून देऊ.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. गाडी केए-२२ असो वा एमएच-०९, पलंग-ओटा ठरवण्यापूर्वी ती जिथे नोंदलेली आहे त्याच आरटीओ कार्यालयात विचारणा करावी.

वापराच्या यादीचा कोरा तक्ता कार्यशाळेत मोफत मिळतो आणि तो भरताना आमचा माणूस अर्धा तास आपल्याबरोबर बसतो, त्याचे शुल्क नाही. येताना नोंदणीपुस्तकाची प्रत आणि फ्रिज, पंखा आदी उपकरणांवरील वॅटच्या पट्टीची छायाचित्रे आणावीत, आणि सुताराला तारीख त्यानंतरच द्यावी.