झोतयुक्त सक्रिय दीर्घिकांतील गॅमा किरण : उत्सर्जन व शोषण

काही दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर भोवतालचे द्रव्य गिळताना दोन विरुद्ध दिशांना कणांचे अरुंद झोत फेकते. या झोतांत गॅमा किरण, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश, निर्माण होतात आणि त्यांतले काही वाटेतच नष्ट होतात. झोताचे तोंड आपल्याकडे असले तर त्या दीर्घिकेच्या केंद्राला ब्लेझार म्हणतात. पावसाळ्यात कसारा घाट चढून नाशिकला परतणाऱ्याला हे चटकन उमगेल : समोरच्या ट्रकचा दिवा डोळे दिपवतो, ट्रक वळला की तोच दिवा असून नसल्यासारखा. झोताचा वेग प्रकाशवेगाच्या जवळपास असल्याने ब्लेझारचे तेज तर कैक पटींनी वाढून दिसते.

झोतातील चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारण देतात. तेच इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांना, म्हणजे प्रकाशकणांना, धडकून त्यांना गॅमा ऊर्जेपर्यंत चढवतात. हे व्यस्त कॉम्प्टन विकिरण. या गॅमा किरणांत प्रोटॉनांचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

शोषणाची कथा अधिक रंजक आहे. दोन फोटॉन भिडून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित प्रतिकण) अशी जोडी होऊ शकते, हे ब्राइट व व्हीलर यांनी १९३४ मध्ये दाखवले. समोरासमोरच्या टकरीत दोघांच्या ऊर्जांचा गुणाकार ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेच्या; इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचे एकक) वर्गाहून अधिक हवा. १ टेराइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) किरणाला संपवायला ०.२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरकोळ अवरक्त फोटॉनही पुरतो आणि असे फोटॉन आजवरच्या साऱ्या ताऱ्यांनी अवकाशभर सांडून ठेवले आहेत. घाटातल्या धुक्याची उपमा इथे थोडी लंगडी पडते : धुके प्रकाश विखुरते, इथे फोटॉनच उरत नाही.

खुद्द झोतातही हाच धोका असतो. जुलै २००६ मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे तेज अवघ्या काही मिनिटांत बदलले. इतक्या झपाट्याने बदलणारा स्रोत लहानच असणार, आणि तेवढ्या जागेत कोंडलेले फोटॉन एकमेकांनाच संपवतील. तरी ते निसटले. याचा अर्थ झोत आपल्याकडे प्रचंड वेगाने येत आहे. झोतासोबत जाणाऱ्याच्या दृष्टीने फोटॉनांची ऊर्जा आपल्याला दिसते त्याहून बरीच कमी असते.

दूरच्या ब्लेझारच्या वर्णपटातील घटीवरून आंतरदीर्घिकीय प्रकाशाची दाटी मोजता येते. ५०० कोटी प्रकाशवर्षांहून दूरच्या ३सी २७९ या ब्लेझारचे अतिऊर्जावान किरण मॅजिक या जमिनीवरील गॅमा-किरण दुर्बिणींपैकी पहिलीने २००६ मध्ये टिपले, तेव्हा अवकाश अपेक्षेपेक्षा पारदर्शक असल्याचे दिसले.

गॅमा किरण वातावरणातच अडतात. जमिनीवरून दिसते ती त्यांनी उडवलेल्या कणांची क्षणिक निळसर चेरेंकोव्ह चमक. लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण तीच टिपते. १९९२ मध्ये टेराइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेत सापडलेला, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूरचा ब्लेझार मार्केरियन ४२१ सप्तर्षीच्या हद्दीत आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो नाशिकच्या उत्तर आकाशात ७२ अंशांवर असतो. दृश्यप्रत साधारण १३, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. मोठी हौशी दुर्बीण घेऊन शहराचे दिवे मागे टाकावे लागतील.