हॉटेल झालेलं जुनं घर आणि जुन्यासारखं बांधलेलं हॉटेल

गोव्यात खोली शोधायला बसलं की ‘हेरिटेज’ हा शब्द जागोजागी भेटतो. त्याच्या आड दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक, खरंच जुनं घर, ज्याचं पुढे हॉटेल झालं. दुसरी, अलीकडे जुन्या घराच्या धाटणीवर बांधलेलं हॉटेल. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात: पिवळी नाहीतर निळी भिंत, कमानीची खिडकी, लाल कौलं.

पणजीच्या फोंतेन्हासमधलं ‘पंजिम इन’ पहिल्या जातीचं, एकोणिसाव्या शतकातल्या घरातलं. अशा घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. चिरा सच्छिद्र, त्यावरचा चुन्याचा गिलावाही तसाच. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि ऊन पडलं की सोडते. त्याच भिंतीवर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते, पोपडे धरतात. म्हणून दुरुस्ती पुन्हा चुन्यानेच झाली पाहिजे. त्याला कारागीर लागतो, वेळ लागतो, आणि खोलीच्या भाड्यात तोही खर्च असतो. मला तो रास्त वाटतो.

खिडक्यांचं तर मला फार अप्रूप. काच महाग होती तेव्हा इथे लाकडी चौकटीत शिंपल्याचे पातळ, चपटे तुकडे बसवत. त्यातून ऊन दुधाळ होऊन आत येतं, डोळ्यांना लागत नाही. एका नव्या रिसॉर्टमध्ये अशीच खिडकी पाहून मी हौसेने बोट फिरवलं, तर प्लास्टिक निघालं. वाईट वाटलं, कारण खोली देताना तिचं वर्णन ‘पारंपरिक’ असं केलं होतं.

रात्री पाऊस आला की कानालाही फरक कळतो. खऱ्या कौलारू छपराखाली सर वाजते. स्लॅबवर शोभेला कौलं बसवली असतील तर खोलीत एसीचाच आवाज.

पण जुन्या घरात राहायचं तर त्याचं वागणं सोसायची तयारी हवी. वरच्या मजल्याची लाकडी जमीन असेल तर डोक्यावर कोण चालतंय ते कळतं. खोल्या लहान-मोठ्या निघतात. न्हाणीघर मुळात खोलीला जोडलेलं नव्हतंच. ते नंतर काढताना नळ जुन्या जमिनीवरून नेतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आत जायला एक पायरी चढावी लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने नवं हॉटेल घ्यावं, हे मी मनापासून सांगेन. लिफ्ट, सपाट जमीन, पोहण्याचा तलाव तिथे सहज मिळतो. नवं बांधणं हा काही गुन्हा नाही, फक्त तसं सांगावं.

केंद्र सरकारच्या हेरिटेज हॉटेल वर्गीकरणात इमारत १९५० पूर्वीची असावी लागते. जाहिरातीतल्या ‘हेरिटेज’ला मात्र असं बंधन दिसत नाही. शिवाय दर्शनी भिंत तेवढी जुनी आणि आत सगळं नवं काँक्रीट, असाही प्रकार असतो.

म्हणून बुकिंगआधी फोनवर विचारा: घर कोणत्या साली बांधलं, आणि माझ्या खोलीची कुठली भिंत तेव्हाची? जुनं घर जपणारा माणूस या प्रश्नावर खुलतो आणि दहा मिनिटं फोन ठेवत नाही.