‘अंतरा’ येण्याआधीची तीस वर्षं

२०१७ मध्ये ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलं. सुरुवातीच्या दहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. तांबी नको, रोजची गोळी लक्षात राहत नाही, ऑपरेशन इतक्यात करायचं नाही, अशा बाईला आशाताई हा पर्याय सांगू लागल्या. औषध मात्र नवं नव्हतं. डेपो-प्रोव्हेरा या नावाने ते १९९३ पासून भारतात मंजूर होतं. सरकारी कार्यक्रमात यायला त्याला आणखी चोवीस वर्षं लागली, कारण स्त्री संघटनांनी ते अडवून धरलं होतं.

भांडण सुरू झालं ते दुसऱ्याच इंजेक्शनवरून. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या नेट-एनच्या चाचण्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद करत होती. १९८५ च्या सुमारास हैदराबादजवळ पाटनचेरूच्या आरोग्य केंद्रात त्यासाठी बायका जमवल्या गेल्या. हे औषध अजून चाचणीत आहे, त्याचे असे असे परिणाम होऊ शकतात, हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं, असा स्त्री शक्ती संघटनेचा आरोप होता. कार्यकर्त्यांनी ते समजावल्यावर बऱ्याच जणी इंजेक्शन न घेताच निघून गेल्या. १९८६ मध्ये ही संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. सरकारने ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हटलं की संशय यायचाच, आणि तो अनाठायी नव्हता.

डेपो-प्रोव्हेराची स्वतःची कुंडलीही वादाचीच. बीगल जातीच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत स्तनांत गाठी आढळल्या. १९७८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भनिरोधक म्हणून मंजुरी नाकारली, ती १९९२ मध्ये दिली. थायलंडसारख्या देशांत दरम्यान त्याचा सर्रास वापर चालू होता. भारताने पुढच्याच वर्षी परवानगी दिली. पण १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने सरसकट सरकारी कार्यक्रमात ते नको, असं म्हटलं. २००० मध्ये न्यायालयातली केस मिटली तीही नेट-एन सरसकट न देण्याच्या सरकारी भूमिकेवर: समुपदेशन आणि पाठपुरावा होईल तिथेच द्यायचं. हा पाठपुरावाच खरा कळीचा मुद्दा होता, असं मला वाटतं. डॉक्टरकडे सहज जाता येणाऱ्या शहरी बाईला जे औषध चालेल, तेच दवाखाना वीस किलोमीटरवर असलेल्या बाईला चालेलच असं नाही.

कारण एकदा टोचलं की ते काढता येत नाही. दंडात किंवा कमरेत १५० मिलिग्रॅमचा डोस जातो आणि तीन महिने बीज बाहेर पडू देत नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन असर आधीच ओसरू शकतो. पाळीचं चक्र बहुतेकींचं बिघडतं: आधी अधूनमधून डाग, कधी जास्त अंगावरून जाणं, वर्षभरात अनेकींची पाळी बंदच. आधी सांगितलेलं असेल तर ठीक, नाहीतर ‘दिवस तर गेले नाहीत ना’ या धास्तीने बाई पुढचा डोस घ्यायला येतच नाही. काहींचं वजन वाढतं. हाडांची घनता कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर बरीचशी भरून येते. तरी २००४ मध्ये अमेरिकेत याबद्दलचा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापणं भाग पडलं. या इंजेक्शनमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो का, ही शंका बराच काळ होती. आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत २०१९ मध्ये तांबी आणि इम्प्लांटच्या (दंडाच्या कातडीखाली बसवायच्या गर्भनिरोधक कांडीच्या) तुलनेत धोक्यात मोठा फरक दिसला नाही. मात्र लैंगिक आजारांपासून हे इंजेक्शन वाचवत नाही, त्यासाठी निरोधच.

२०१५ मध्ये औषध सल्लागार मंडळाने सरकारी कार्यक्रमासाठी हिरवा कंदील दाखवला, तेव्हाही स्त्री संघटनांनी विरोध नोंदवला. मूल हवं असलेल्या जोडप्याला आजही एक गोष्ट आधीच सांगावी लागते: शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्या डोसची तारीख चुकली, तर चार आठवड्यांपर्यंत तो घेता येतो. त्याहून उशीर झाला तर आधी गरोदर नसल्याची खात्री करून घ्यावी लागते.